दोन दिवस, २१,८३० रुपये आणि ‘ताई, तसं नव्हतं’

धंद्यात आणि माणसांचं नेतृत्व करताना गोष्ट कशी वापरायची, या विषयावरच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला मी जाऊन आले, तिच्याबद्दल हे लिहिते आहे. लोअर परळला आमचा छापखाना आहे. वडिलांनी १९७१ साली एका ट्रेडलवर, म्हणजे छपाईच्या लहान जुन्या मशीनवर सुरू केला, २०१४ साली ते गेल्यापासून मी चालवते. १९ माणसं आहेत. लग्नपत्रिका हे आमचं मुख्य काम आणि ते दर हंगामाला आटत चाललंय. आमंत्रण आता व्हॉट्सॲपवर जातं, छापील पत्रिका देवापुढे ठेवायला आणि मोजक्या घरांत अक्षता घेऊन जायला काढतात. जिथून ५०० ची ऑर्डर यायची तिथून १०० ची येते. म्हणून औषधांची खोकी, म्हणजे धंद्याच्या भाषेत मोनो कार्टन, छापायची असं मी गेल्या वर्षी ठरवलं. ठरवलं ते मनातल्या मनात. बँकेला सांगायचं होतं, पुण्याच्या भावाला सांगायचं होतं कारण निम्मा हिस्सा त्याचा, आणि सगळ्यात अवघड म्हणजे कामगारांना सांगायचं होतं. तीन महिने मी कुणाजवळच तोंड उघडलं नाही.

अशात एका ओळखीच्या बाईंनी ही कार्यशाळा सुचवली. व्यवसायाची दिशा ठरवताना आणि माणसांचं नेतृत्व करताना गोष्ट कशी वापरायची, हा विषय. शनिवार-रविवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६, दादर पश्चिमेला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरचा हॉल. फी १८,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,८३० रुपये. आमच्यासारख्या छापखान्याला ही रक्कम लहान नाही, एका हेल्परचा महिन्याचा पगार त्यात निघतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कार्यशाळा घेणाऱ्यांचं नाव लिहीत नाही, कारण काही गोष्टी मला मुळीच पटल्या नाहीत आणि त्या मी त्यांना समोरासमोर सांगितल्या आहेत. अशा कार्यशाळा हल्ली मुंबईत बऱ्याच ठिकाणी होतात. कुठल्याही ठिकाणी पैसे भरण्याआधी काय बघायचं, ते यातून कळलं तरी पुरे.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं.

आम्ही २२ जण होतो. पहिल्या दिवशी सकाळी ओळख-पाळख आणि थोडी प्रस्तावना झाली, ती सोडून देते. खरं काम दुपारी सुरू झालं. प्रशिक्षकांनी ॲमेझॉनचा दाखला दिला. जेफ बेझोस यांनी जून २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकीतून पॉवरपॉइंट बंद केलं. त्याजागी सलग वाक्यांत लिहिलेलं सहा पानी टिपण आणायचं आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी तिथेच बसून ते गुपचूप वाचायचं, मग बोलायचं. भागधारकांना लिहिलेल्या एका पत्रात बेझोस यांनी असंही म्हटलंय की चांगलं टिपण एक-दोन दिवसांत होत नाही, आठवडा किंवा त्याहून जास्त लागू शकतो. हे ऐकून मला बरं वाटलं. मुद्द्यांच्या यादीत दोन मुद्द्यांचा एकमेकांशी काय संबंध हे सांगावंच लागत नाही. वाक्यात ते लपवता येत नाही.

मग आम्हाला एकेक कोरा कागद दिला. तुमचा सगळ्यात मोठा अडकलेला निर्णय एका पानात लिहा. मुद्दे नकोत, बाण नकोत, चौकटी नकोत. आणि दोन वाक्यांच्या मध्ये ‘आणि’ आलं की थांबा, तिथे ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतं का बघा. बसत नसेल तर त्यातलं एक वाक्य उगाच आलेलं आहे.

मी लिहिलं, लग्नपत्रिकांचं काम कमी झालं, म्हणून आपण औषधांची खोकी छापणार. प्रशिक्षक मागे उभे होते. त्यांनी ‘म्हणून’वर बोट ठेवलं आणि विचारलं, “मिठाईचे डबे का नाहीत? शाळेच्या वह्या का नाहीत?” मला उत्तर देता आलं नाही. तीन महिने ज्या निर्णयाने झोप उडवली होती, त्यातला मधला सांधाच मी कधी तपासला नव्हता.

पुढचा पाऊण तास मी ते एक वाक्य लिहीत बसले. हळूहळू जे खरं होतं ते बाहेर आलं. औषधांच्या ३०० ब्रँडना १ ऑगस्ट २०२३ पासून पाकिटावर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालंय. तो कोड स्कॅन झाला नाही तर अख्खा लॉट परत. म्हणजे बारीक, नेमकं छापणाऱ्याची गरज वाढली. वसईच्या एका औषध कारखान्याने मला दोनदा विचारलं होतं, त्यांना पाच-दहा हजारांच्या लहान लॉटसाठी छापणारा हवा होता. आणि लहान लॉट ही तर आमची जन्माची सवय! लग्नपत्रिकेची प्रत्येक ऑर्डर वेगळी, प्रत्येकीतली नावं वेगळी, एका काना-मात्रेची चूक चालत नाही आणि मुहूर्त काही छापखान्यासाठी थांबत नाही. आमचा मशीनमन गेली वीस वर्षं केसाएवढ्या अक्षरांवर सोनेरी फॉइल बसवतोय. त्याला रजिस्टर कसं धरायचं, म्हणजे प्रत्येक रंग नेमक्या जागी कसा बसवायचा, हे शिकवावं लागणार नाही.

त्या पानावर शेवटी जे उतरलं त्यात पत्रिका सोडून खोक्यांकडे पळणं कुठे नव्हतं. पत्रिकांनी शिकवलेलं घेऊन खोक्यांकडे जाणं होतं. निर्णय तोच, पण आता तो मला उभ्या-उभ्या कुणालाही सांगता आला असता. ते पान मी त्याच रात्री भावाला पाठवलं. त्याने फोन करून एकच प्रश्न विचारला, “वसईवाल्यांनी हात काढून घेतला तर?” त्यावर आम्ही दीड तास बोललो. इतकी वर्षं धंद्यावरून आमचं फक्त भांडण होत आलं होतं. माझ्या मते २१,८३० रुपयांपैकी निम्मे तिथेच वसूल झाले.

दुसऱ्या दिवशीचा भाग नेतृत्वाचा. मार्शल गँझ हे हार्वर्डमध्ये शिकवतात. त्याआधी अनेक वर्षं त्यांनी कॅलिफोर्नियात सीझर चावेझ यांच्याबरोबर शेतमजुरांची संघटना बांधली. माणसं उभी करताना सांगायची गोष्ट ते तीन भागांत मांडतात : मी, आपण आणि आत्ता. मी इथे का उभी आहे, आपल्या सगळ्यांत समान काय आहे आणि आज आपल्यापुढे कोणती निवड आहे. प्रशिक्षकांनी हे सोप्या मराठीत, मध्ये मध्ये हिंदी-इंग्रजीत, चांगलं समजावलं. मग जोड्या लावल्या.

माझ्या जोडीला ठाण्याचा एक तरुण होता, लिफ्ट दुरुस्ती आणि देखभालीची कंत्राटं घेणारा. त्याने पहिल्यांदा सुरुवात केली ती ‘आमच्याकडे १२ वर्षांचा अनुभव आहे’ अशी. प्रशिक्षकांनी त्याला थांबवलं. म्हणाले, “१२ वर्षं नकोत, एक रात्र सांगा.” तो जरा वेळ गप्प बसला. मग त्याने मुलुंडच्या एका इमारतीतली रात्र सांगितली. सत्तरीच्या एक आजी दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. मेकॅनिक यायला ४० मिनिटं लागणार होती. हा स्वतः जवळच होता म्हणून आधी पोचला, पण त्याच्याकडे हत्यारं नव्हती. तो जिन्यात बसून दारातून आजींशी बोलत राहिला. गाव कुठलं, मुलं काय करतात, उकडीच्या मोदकाची पारी फाटते ती का. बाहेर आल्यावर आजींनी मेकॅनिककडे बघितलंही नाही, याच्या डोक्यावरून हात फिरवला. तेव्हापासून त्याच्याकडे नियम आहे, माणूस अडकल्याचा फोन आला की दोघांनी जायचं. एकाने दुरुस्ती करायची, एकाने बोलायचं.

त्याच्या कंत्राटाच्या कागदांत हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता! इतर कंपन्यांपेक्षा त्याचं वेगळेपण काय, याचं पूर्ण उत्तर त्या एका नियमात होतं आणि सोसायटीच्या कमिटीपुढे तो ‘१२ वर्षांचा अनुभव’ सांगत होता. मला वाटतं, एखाद्या धंद्याचं धोरण म्हणजे त्याच्या मालकाने एखाद्या अवघड रात्री काय केलं आणि मग त्याचा नियम केला की नाही, इतकं साधं असू शकतं.

लिज्जत पापडाचं उदाहरणही निघालं आणि ते गिरगावचं असल्यामुळे हॉलमध्ये सगळे सरसावून बसले. १५ मार्च १९५९, सात बायका, उसने घेतलेले ८० रुपये. हे सगळ्यांना पाठ असतं. पण प्रशिक्षकांनी पुढचं सांगितलं ते मला महत्त्वाचं वाटलं. पापड लाटणाऱ्या प्रत्येकीला तिथे ‘बहीण’ म्हणतात आणि ती त्या संस्थेची सहमालक असते. सकाळी शाखेतून पीठ न्यायचं, घरी लाटून आणून द्यायचं. सात जणींची गोष्ट भिंतीवर टांगून ठेवलेली नाही, रोज सकाळी पिठाबरोबर ती पुन्हा घडते.

आता जे पटलं नाही ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोष्टीत ‘घाव’ आणा असा आग्रह सुरू झाला. प्रत्येकाने आयुष्यातला सगळ्यात दुखरा प्रसंग सांगायचा. आमच्यात एक बाई होत्या, नवरा गेल्यावर त्याचं मेडिकलचं दुकान चालवणाऱ्या. त्यांनी मालाच्या मुदतीची नोंद ठेवायची एक फार हुशार पद्धत बसवली होती आणि त्यांना त्याबद्दल बोलायचं होतं. त्यांना तीनदा अडवून विचारलं गेलं, तो दिवस सांगा, तुम्हाला काय वाटलं ते सांगा. त्या २१ अनोळखी माणसांपुढे रडल्या. टाळ्या वाजल्या. मला अतिशय वाईट वाटलं आणि मी उठून ते बोलले. कुणाचं दुःख कुठे आणि कधी बाहेर येईल हे त्या माणसाने ठरवायचं असतं. वर त्या सत्राचं रेकॉर्डिंग चालू होतं आणि जाहिरातीसाठी वापरण्याची संमती फी भरतानाच्या फॉर्ममध्ये बारीक अक्षरात होती. मी माझ्यापुरती ती लेखी काढून घेतली, त्या बाईंनाही काढायला लावली. तुम्ही जिथे जाल तिथे हा फॉर्म आधी नीट वाचा.

याची गरजही नव्हती. आदल्याच दिवशी त्यांनी स्वतः स्टीफन डेनिंग यांची गोष्ट सांगितली होती. डेनिंग १९९६ च्या सुमारास जागतिक बँकेत होते. बँकेने पैशाबरोबर ज्ञानही वाटावं, हे ते वरिष्ठांना आकडे आणि तक्ते दाखवून पटवत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. मग ते एक लहानशी गोष्ट सांगू लागले. जून १९९५, झांबियातलं कमाना नावाचं छोटं गाव, राजधानीपासून ६०० किलोमीटर दूर. तिथल्या एका आरोग्यसेवकाने अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या वेबसाइटवर जाऊन मलेरियाच्या उपचाराबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर मिळवलं. बस, एवढीच. या चित्रात आपली बँक कुठेच नाही, असती तर? पुढचा विचार ऐकणारे आपणच करू लागले. त्या गोष्टीत रडणं नाही, घाव नाही, नायकाचं नावसुद्धा नाही. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी रडवण्याचा हट्ट का धरावा?

दुसरी तक्रार नॅनोबद्दल. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये रतन टाटांनी ती गाडी दाखवली. स्कूटरवर भिजत चाललेलं चार जणांचं कुटुंब बघून ही कल्पना सुचली, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. कार्यशाळेत ती ‘उत्तम गोष्ट’ म्हणून सांगितली आणि तिथेच सोडली. पण शिकायचं आहे ते पुढेच! मूळ गोष्ट कुटुंबाच्या सुरक्षिततेची होती. बाजारात पोचेपर्यंत तिची ‘सगळ्यात स्वस्त गाडी’ झाली. ही ओळख चिकटली हे दुर्दैवी, असं पुढे टाटांनीच बोलून दाखवलं. गाडी घेणं हे आपल्याकडे पेढे वाटायचं काम आहे, आणि शेजाऱ्याला पेढा देताना ‘सगळ्यात स्वस्त घेतली’ असं कोण म्हणेल? कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, अशी इतरही कारणं होती. पण आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडी गेल्यावर तिचं काय होतं, यावर दोन दिवसांत एक तासही खर्च झाला नाही. धंदा करणाऱ्याला सगळ्यात जास्त नड त्याचीच असते.

तिसरं म्हणजे, दादरला बसून आपण बोलतोय आणि कीर्तनाचा उल्लेखही नाही? लहानपणी मी आजीबरोबर कीर्तनाला जायचे. बुवा आधी पूर्वरंगात अभंगाचं निरूपण करतात, मग बुक्का, हार, थोडी विश्रांती, मग उत्तररंगात आख्यान. आधी तत्त्व, मग गोष्ट. कार्यशाळेत मात्र एकच क्रम शिकवला, आधी गोष्ट, मग मुद्दा, सगळीकडे. मला बँकेत तो क्रम उलटवावा लागला. कर्जाच्या साहेबांना आधी तीन वर्षांचे ताळेबंद आणि वसईवाल्यांचं ऑर्डरचं पत्र हवं होतं. ते त्यांच्यापुढे ठेवलं, त्यांचे प्रश्न संपले, आणि मग त्यांनीच विचारलं, “पण पत्रिकावाले तुम्ही, खोक्यांत कसे?” तेव्हा मी मुहूर्ताची आणि काना-मात्रेची गोष्ट सांगितली. ती त्यांनी खुर्चीला टेकून ऐकली. आधी सांगितली असती तर त्यांची नजर घड्याळावर असती.

आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर, तोही कुठे आला नाही! १९०३ च्या आसपासची गोष्ट. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. नांगर चांगला होता, शेतकऱ्याच्या मनात मात्र लोखंडाची एक गोष्ट आधीच बसलेली होती. नवी गोष्ट सांगणाऱ्याला आधी ती जुनी ऐकावी लागते. माझ्या कामगारांच्या मनात ‘मशीन आलं की माणूस जातो’ ही गोष्ट गिरणगावात आधीपासून आहे. परदेशी उदाहरणांनी ती हलत नाही.

पण खरी उणीव मला कार्यशाळेत कळली नाही, छापखान्यात कळली.

दुसऱ्या दिवसाच्या शेवटी प्रत्येकाने आपली ‘पायाची गोष्ट’, म्हणजे आपला धंदा कशावर उभा आहे ती गोष्ट, सांगितली. माझी अशी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, हे सगळ्यांना माहीत आहे. आमचं तेव्हाचं काम गिरण्यांवर चालायचं : हजेरी कार्डं, कॅन्टीनची कुपनं, कापडाची लेबलं. ते एका आठवड्यात थांबलं. पण बाबांनी एकाही माणसाला घरी पाठवलं नाही, लग्नपत्रिका सुरू केल्या आणि छापखाना तारला. मी तेव्हा तीन वर्षांची. ही गोष्ट आमच्या घरात मी शंभरदा ऐकली असेल. कार्यशाळेत तिला सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या. प्रशिक्षक म्हणाले, हीच कामगारांना सांगा.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी ती आधी आमच्या जुळारी काकांना, म्हणजे पूर्वी खिळे (शिशाची अक्षरं) जुळवून मजकूर लावणाऱ्या काकांना, सांगून बघितली. काका १९७६ पासून आमच्याकडे आहेत. खिळे गेले, जुळणी कॉम्प्युटरवर आली, काका आता ६७ वर्षांचे आहेत आणि मराठी पत्रिकांची प्रूफं बघतात. डबा बंद करून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, तसं नव्हतं.”

“म्हणजे?”

“भाऊंनी घरी पाठवलं होतं आम्हाला. गणपती झाल्यावर. सात जणांतले पाच गावाला गेलो. भाऊ तरी काय करणार, कागदवाल्याचे पैसे थकले होते.” बाबांना सगळे भाऊ म्हणत. “मी खेडला गेलो. तुळशीचं लग्न झालं, गावात लग्नं ठरायला लागली. मी तीन घरच्या पत्रिका गोळा केल्या, हाताने मजकूर लिहून घेतला आणि परत आलो. भाऊंना म्हटलं, खिळे आहेत, ट्रेडल आहे, कागद उधारीवर आणा. भाऊ रडले त्या दिवशी. मग आम्ही अक्षय तृतीयेपर्यंत अर्ध्या पगारावर काम केलं.”

त्या रात्री मला बाबांचा राग आला. मग वाटलं, त्यांना ते सांगायला जड गेलं असेल, आणि एकदा वेगळं सांगितल्यावर परत फिरता आलं नसेल. आज त्यांना विचारता येत नाही. पण हेही कळलं की टाळ्या मिळवलेली माझी गोष्ट मी १९ जणांपुढे सांगितली असती, तर ती खोटी आहे हे जाणणारा एक माणूस समोर बसलेला असता. त्याने मान खाली घातली असती आणि बाकीच्यांनी ते बघितलं असतं. दोन दिवसांत आवाज, विराम, सुरुवात, शेवट सगळं शिकवलं. जो तिथे हजर होता त्याला आधी सांगा, हे कुणीही शिकवलं नाही.

गुरुवारी मशीन बंद करून सगळे एकत्र बसलो. मी काकांना सांगितलं, १९८२ तुम्हीच सांगा. त्यांनी सांगितलं, अगदी वर लिहिलंय तसं, विराम वगैरे काही न घेता. नव्या मुलांना पत्रिका कुणी आणल्या हे पहिल्यांदा कळलं. मग मी माझं पान वाचून दाखवलं. वसई पूर्वेला गाळा घेतोय, तिथे खोक्यांची मशीन बसेल, पत्रिका लोअर परळलाच राहतील, पण कमी.

आमच्याकडे सहा बायका हाताने पेस्टिंग करतात, पत्रिकांना गोंडे लावतात. त्यांतल्या एकीने लगेच विचारलं, “चिकटवायचं मशीन येणार ना? मग आमचं काय?”

श्रावणातल्या कहाण्या माझी आजी वाचायची, त्यांत वसा देणारी आधी बजावते, उतशील मातशील, घेतला वसा टाकशील. घेणारी म्हणते, उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. गोष्ट तिथून पुढे सरकते. मला कार्यशाळेतल्या कुठल्याही तंत्रापेक्षा त्या वेळी ते आठवलं. ‘कुणालाच घरी पाठवणार नाही’ असं मी म्हणाले नाही, कारण ते बाबांनाही जमलं नव्हतं. जे पाळता येईल तेवढंच बोलले. फोल्डर ग्लुअर, म्हणजे खोकी दुमडून चिकटवणारं मशीन, चालवायला पहिल्यांदा या सहा जणींना शिकवायचं, बाहेरचं माणूस नंतर. शिकायचे तीन महिने पूर्ण पगार. हे कागदावर लिहून, खाली सही करून, आमच्याच मशीनवर छापून १९ जणांना दिलं. सहांपैकी चौघी नालासोपारा-विरारला राहतात. वसई त्यांना जवळ पडतं, लोअर परळपर्यंतचा रोजचा प्रवास वाचतो. हे मला माझ्या पानावर सुचलंच नव्हतं, त्यांनीच बोलता बोलता सांगितलं. प्रवासाचा हिशेब बायकांइतका चोख कुणी करत नाही.

तर पाचपैकी साडेतीन तारे. लिखाणाचं सत्र आणि ‘एक रात्र सांगा’ हे दोन्ही निखळ पाच ताऱ्यांचं. अर्धा तारा पुस्तिका फक्त इंग्रजीत असल्याबद्दल कमी केला, कारण आमच्या मशीनमनला ती देता येत नाही. एक पूर्ण तारा त्या रडवण्याच्या सत्राबद्दल आणि रेकॉर्डिंगबद्दल. जेवण साधं आणि छान होतं, चहा वेळेवर. हॉलमध्ये एसी फार गार, शाल न्या. डोक्यात एखादा खराखुरा निर्णय अडकलेला असेल तरच जा. नुसतं चांगलं बोलायला शिकायचं असेल तर एवढे पैसे घालू नका.

पुढची बॅच डिसेंबरात आहे. आमच्याकडे प्रॉडक्शन बघणारा २६ वर्षांचा मुलगा आहे, वसईचा गाळा तोच सांभाळणार, त्याला मी पाठवते आहे. फॉर्ममधली संमतीची ओळ खोडून फी भरलीये. जायच्या आधी त्याने जुळारी काकांबरोबर एक दुपार बसायचं ठरलंय, काकांनी शनिवार सांगितलाय.